पुडीतली टीप

आयुष्यात पहिली टीप दिली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. ज्या बाईंच्या हातात ती दिली त्यांची नोकरी पुढे माझ्यामुळे गेली. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. घरी एकदा सांगितलं, पण त्याबद्दल शेवटी लिहितो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षं झाली आणि गावातल्या एका ओळखीने बहारीनचा व्हिसा आला. एका बांधकाम कंपनीच्या गोदामात कारकुनी. सोडवेना म्हणून गेलो. बी.ए.चं शेवटचं वर्ष बाहेरून बसून करायचं ठरवलं. विषय अर्थशास्त्र, माध्यम मराठी. पुस्तकं आणि वह्या बॅगेत सर्वांत खाली ठेवल्या होत्या. वरून आईने लोणच्याची बरणी दिली होती आणि ती फुटलीच तर पुस्तकांपर्यंत तेल पोचू नये म्हणून मध्ये दोन टॉवेल घातले होते.

गोदाम राजधानी मनामाच्या झिंज भागात होतं. कामाचे दोन भाग असायचे, सकाळी सात ते बारा आणि मग तीन ते सहा. मधले तीन तास माझे. पण खोलीवर आम्ही सहाजण होतो, सगळे कोकणातले, ड्रायव्हर आणि गवंडी. दुपारी तिथे मासे तळले जायचे, कॅसेट लागायची, पत्त्यांचा डाव पडायचा. अभ्यास शक्यच नव्हता. उन्हात बाहेर बसायची सोय नव्हती. हिंडता हिंडता मला शेजारच्या उम्म अल हस्सम भागातल्या रस्त्यावर एक छोटं रेस्टॉरंट सापडलं. आठ-दहा टेबलं, थंडगार एसी, दुपारी गर्दी कमी. मी एक चहा मागवला, कोपऱ्यात बसलो आणि वही उघडली. पाऊण तासाने वेट्रेस आली तेव्हा मला वाटलं, आता उठवणार. तिने रिकामा कप उचलला आणि पाण्याचा ग्लास ठेवला.

"एक्झाम?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"सिट, सर. सिट."

ती फिलिपिनो होती, वयाने चाळिशीच्या आसपास. तिथल्या दुसऱ्या, तरुण वेट्रेस तिला 'आते' म्हणायच्या. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात, असं तिनेच मला नंतर सांगितलं. मीही आते म्हणू लागलो. ती मात्र मला 'सर'च म्हणत राहिली. मला ते फार अवघड वाटायचं. आमच्या घरात कुणालाच कधी कुणी सर म्हटलं नव्हतं. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. तिची तीन मुलं गावी तिच्या आईकडे होती आणि थोरला मुलगा कॉलेजात जायच्या वयाचा होता. म्हणून असेल, ती माझ्या पुस्तकांशी फार आदराने वागायची. टेबल पुसताना पुस्तक उचलून अंगाशी धरायची, टेबल कोरडं झालं की परत ठेवायची. पुढे पुढे तर मी जाड पुस्तक तिच्याकडेच ठेवून जाऊ लागलो. काउंटरमागच्या फळीवर, धुतलेल्या नॅपकिनच्या शेजारी.

मग टीपचा प्रश्न आला.

एका चहावर तीन तास बसायचं आणि काहीच न देता उठायचं, हे मला बोचायला लागलं. इतर गिऱ्हाइकं काय करतात ते मी बघून ठेवलं होतं. इंग्रज इंजिनीयर बशीखाली नोट सरकवून जायचे. मुंबईचे बँकवाले साहेब उरलेली मोड टेबलावर सोडायचे आणि सोडताना जरा आवाज करायचे. काउंटरवर दुधाच्या पावडरीचा एक मोठा डबा होता, झाकणाला फट पाडलेली आणि छोटं कुलूप लावलेलं. त्यावर कुणीतरी नखाच्या रंगाने 'थँक यू' लिहिलं होतं. काहीजण त्यात टाकायचे. तो डबा बघून माझी समजूत अशी झाली की यातलं मालकाला जातं. कुलूप आहे म्हणजे मालकाचंच, एवढा माझा साधा हिशोब होता.

खोलीवर विचारलं तर सगळे हसले.

"टीप?" आमच्यातला एक क्रेनवाला म्हणाला. "टीप मफी, काय नाय! कॉलेजात काय गेलास, साहेब झालास काय रे?"

"उद्या गावाक गेल्यावर एस्टीच्या कंडक्टरकय टीप देशीत," दुसरा म्हणाला.

 पण टीपबद्दल मला जे ठाऊक होतं ते या सगळ्यांपेक्षा जास्त होतं, असं मला मनातून वाटत होतं. माझे बाबा सव्वीस वर्षं मुंबईत एका हॉटेलात वेटर होते. मी लहान असताना ते गणपतीला घरी यायचे तेव्हा सांगायचे की गिऱ्हाईक बडीशेपेच्या बशीत नाणी टाकून जातं. बशीत कधी ताक सांडलेलं, कधी सांबार. त्यातून नाणं उचलायचं, फडक्याने पुसायचं. बाबा ते सांगताना बोटं अंगरख्याला पुसायचे, जणू अजून ओली आहेत. मग मला म्हणायचे, "कोणाक काय देवचा झाला तर हातात देवचा. आणि एकदा दिलंस की मागे वळान बघू नको. देणाऱ्यान बघीत रवला की घेणारो लाजता."

ही गोष्ट मी मनात जपून ठेवली होती. इतर मुलांना त्यांच्या घराण्याबद्दल काही सांगायला असतं. माझ्याकडे हे होतं.

म्हणून मी ठरवलं की हातातच द्यायचं. पण उघडं नाणं बाईमाणसाच्या हातावर ठेवणं मला बरं दिसेना. मी वहीच्या पाठ करून झालेल्या पानाचा तुकडा फाडला, शंभर फिल्सचं, म्हणजे दिनारच्या दहाव्या हिश्श्याचं नाणं त्यात घालून घट्ट पुडी केली, आपल्याकडे अंगाऱ्याची करतात तशी. उठताना आतेच्या हातात ती दिली.

तिने पुडीकडे बघितलं. "व्हॉट इज, सर?"

"टीप."

ती हसली आणि परत द्यायला लागली. "यू स्टुडंट. नो नीड." मी हात मागे घेतला. मग तिने काउंटरकडे एकदा बघून विचारलं, "फॉर ऑल?"

"नाही," मी ठामपणे म्हणालो. "ओन्ली फॉर यू."

मी इतक्या ठामपणे क्वचितच काही बोलतो. ती काहीतरी सांगणार होती असं आता वाटतं. पण मी तोवर दाराकडे निघालो होतो आणि मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, शनिवारी आणि बुधवारी, मी पुडी देत राहिलो. नऊ महिने. एकदाही मागे वळून बघितलं नाही. रस्त्यावर आलो की मला बाबांची आठवण यायची आणि छाती जरा पुढे यायची.

त्या रेस्टॉरंटचा मॅनेजर पुण्याचा होता. मालक बहारीनी, तो महिन्यातून एखादेवेळी यायचा. बाकी सगळं मॅनेजरच्या हातात. मी मराठी पुस्तक वाचतोय हे बघून तो पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उभाच राहिलो.

"बस रे, बस. कुठला तू?"

मी गाव सांगितलं.

"अरे वा, कोकण! आणि इथे बसून बी.ए.? शाबास. आमच्या पुण्यातली पोरं वडिलांच्या पैशावर नापास होतात."

मी त्याला साहेब म्हणायचो आणि तो मला कॉलेजकुमार. मधूनमधून माझ्यासमोर बसायचा, घरची चौकशी करायचा. परीक्षेसाठी मला एप्रिलमध्ये महिनाभर सुट्टी हवी होती आणि आमच्या कंपनीत पहिल्या वर्षी सुट्टी देत नसत. आमचे गोदामाचे साहेब त्याच्याकडे जेवायला यायचे. "मी बोलतो त्यांच्याशी," तो म्हणाला आणि खरंच बोलला. माझा अर्ज मंजूर झाला. परमुलखात आपल्या भाषेचं माणूस पाठीशी असणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं असं मी घरी पत्रात लिहिलं.

एकदा तो माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "काय कॉलेजकुमार, पाचव्या घावनाला किंमत नाही, काय?"

मी हसलो. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत मी तेव्हा पाठ करत होतो. पुस्तकात संत्र्याचं उदाहरण होतं: पहिलं संत्रं खाताना मिळणारं समाधान दुसऱ्याला मिळत नाही, पाचव्याला तर नाहीच. मला संत्र्यावरून ते डोक्यात बसेना, म्हणून मी वहीत संत्र्याच्या जागी घावन लिहिलं होतं. आईची घावनं. साहेबांना हे कसं कळलं, असं क्षणभर वाटलं. मग म्हटलं, मी मोठ्याने वाचत असेन. मला ती सवय आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला. जरा गंभीर होता.

"तुझं इंग्रजी कसं आहे रे?"

"लिहायला बरं आहे, साहेब. बोलायला..."

"लिहायलाच हवंय. मालकाला स्टाफबद्दल गिऱ्हाइकांची पत्रं दाखवायची आहेत. पगारवाढीचं चाललंय. आतेबद्दल तू लिहिशील? तुझं चांगलं जमतं तिच्याशी."

"लिहीन की!" मी म्हणालो.

"खरं खरं लिही हं. उगाच मोठे शब्द नकोत. तिची सर्व्हिस, वागणं..." उठता उठता तो म्हणाला, "टीप देतोस ना तिला?"

"देतो, साहेब. हातात देतो. डब्यात नाही टाकत."

"मग तेही लिही. मालकाला कळू दे, गिऱ्हाईक किती खूश आहे."

मी ते पत्र तीन दिवस लिहीत होतो. शब्दकोश घेऊन बसलो. गोदामातल्या टाइपरायटरवर दोनदा टाइप केलं, कारण पहिल्यांदा एक ओळ वाकडी आली. आजवर मी कुणासाठी असं काही लिहिलेलं नव्हतं. ही बाई किती प्रामाणिक आणि मायाळू आहे ते लिहिलं. पुस्तक अंगाशी धरते ते लिहिलं. आणि शेवटी, जे वाक्य मला सर्वांत चांगलं साधलं असं वाटलं ते: मी तिची टीप नेहमी तिच्या स्वतःच्या हातात देतो, डब्यात टाकत नाही, कारण तो तिचा हक्क आहे. खाली सही केली.

मॅनेजरने ते उभ्याउभ्याच वाचलं. "फर्स्ट क्लास," तो म्हणाला आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या शनिवारी गेलो तर आते युनिफॉर्ममध्ये नव्हती. घरातला साधा फुलाफुलांचा झगा घालून ती आतल्या दारापाशी उभी होती. मला बघून ती सरळ माझ्या टेबलाशी आली. हातात कागद होता. टाइप केलेली माझी ओळ मी लांबूनच ओळखली आणि हसलो. मला वाटलं, आभार मानायला आली आहे.

"सर, यू रोट धिस?"

"येस," मी म्हणालो. त्या 'येस'मधला अभिमान मला अजून ऐकू येतो.

तिने कागद माझ्यापुढे ठेवला. "रीड, प्लीज."

मी वाचायला लागलो. आधी मनात, पण ती म्हणाली मोठ्याने, म्हणून मोठ्याने. शेवटच्या वाक्यावर तिने बोट ठेवलं. इथे सगळ्यांची टीप डब्यात जाते, ती सांगू लागली. हाताला मिळाली तरी डब्यातच टाकायची, हा नियम. गुरुवारी जेवणाची गर्दी ओसरली की डबा उघडतो आणि सगळ्यांना सारखी वाटणी. आत भांडी घासतो त्यालाही, कारण त्याला गिऱ्हाईक कधी दिसतच नाही. जो हातची टीप स्वतःकडे ठेवतो तो चोर. मालकाने हे पत्र वाचलं आणि खलास म्हणाला. व्हिसा रद्द. तीन दिवसांनी विमान.

ती हे ओरडून बोलली नाही. मला समजावं म्हणून सावकाश बोलली, सोपे शब्द वापरून.

"पण मी तर चांगलं लिहिलं होतं," मी म्हणालो.

"येस, सर. व्हेरी गुड इंग्लिश."

 मी म्हणालो, मी दुसरं पत्र लिहितो, आत्ता लिहितो. तिने ताबडतोब खिशातून पेन काढलं. तिला तेच हवं होतं, त्यासाठीच ती थांबली होती. "लिहा," ती म्हणाली, "की तुमची पुडी मी डब्यात टाकताना तुम्ही बघितलं. प्रत्येक वेळी. मी तशीच टाकली आहे, सर. एवढी एकच ओळ."

मी पेन हातात घेतलं आणि थांबलो.

मी बघितलं नव्हतं. एकदाही नाही.

"मी बघितलं नाही," मी म्हणालो.

"नेव्हर?"

"मी दिल्यावर बघत नाही. माझ्या वडिलांनी..." हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येईना. वडिलांनी सांगितलं आहे, बघायचं नाही, एवढंच कसंबसं म्हणालो.

तिने माझ्याकडे जसं बघितलं ते मला लिहिता येणार नाही. तिचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता असं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "टुडे यू राइट," ती हळूच म्हणाली. "वन लाइन."

मला एवढंच करायचं होतं. एक ओळ. ती खोटं बोलत नाही हे मला आतून माहीत होतं. पण न बघितलेलं बघितलं असं लिहून खाली सही करायची, हे माझ्याने होईना. मी लहानपणापासून खरं बोलणारा मुलगा म्हणून ओळखला गेलो. मास्तर वर्गात तसं सांगायचे. मी पेन धरून बसलो.  ती वाट बघत होती.

"आय कॅनॉट राइट लाय," शेवटी मी म्हणालो.

"ओके, सर."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं, काउंटरमागे गेली, नॅपकिनच्या शेजारून माझं जाड पुस्तक काढलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. अंगाशी धरलं नव्हतं. एका हाताने आणून ठेवलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या परीने प्रामाणिक असं एक पत्र लिहून मॅनेजरकडे नेलं. मला इथला नियम माहीत नव्हता, हातात द्यायची चूक माझी, तिने पुढे काय केलं ते मी बघितलेलं नाही, पण ती सचोटीची बाई आहे अशी माझी खात्री आहे.

त्याने वाचलं. "यात नवीन काय आहे? हातात दिली, हे तर तू परत लिहिलंस. आणि बघितलं नाही, हेही वर लिहून दिलंस." त्याने ते मला परत दिलं. "अभ्यास कर, कॉलेजकुमार. परीक्षा जवळ आली."

मंगळवारी आते गेली.

मी तिथे पुन्हा जायला नको होतं. पण गुरुवारी गेलो. का, ते सांगता येत नाही. पाय तिकडेच वळले. चहा पिऊन झाला, वही मी उघडलीच नव्हती. तरुण वेट्रेस कप उचलायला आली. खिशात आदल्या आठवड्याची एक पुडी राहिली होती, ती मी सवयीने तिच्यापुढे धरली. ती एकदम मागे सरकली.

"नो हँड, सर! पुट इन टिन. यू वाँट आय ऑल्सो गो होम?"

बाजूच्या टेबलावरचा माणूस बघायला लागला. मी उठून डब्याशी गेलो आणि पुडी फटीतून आत टाकली. ती माझ्यामागे आली होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता.

"सेम," ती म्हणाली. "आते ऑल्सो पुट सेम. एव्हरी टाइम युअर पेपर. वुई ओपन लाइक कँडी."

"कुठला कागद?" मी विचारलं.

ती काउंटरमागे गेली आणि काटेचमच्यांच्या खणातून चुरगळलेले कागद घेऊन आली. दहा-बारा असतील. चमच्यांचे दांडे पुसायला कुणीतरी खणात टाकलेले. माझं अक्षर. माझ्या वहीचे तुकडे. प्रत्येकावर नाण्याचा गोल वळ उठलेला. पुडी न सोडता आते ती तशीच डब्यात टाकायची, तरुण वेट्रेस सांगत होती, म्हणजे कुणाला शंका नको. गुरुवारी डबा उघडला की पहिल्यांदा माझ्या पुड्याच दिसायच्या. सरची कँडी, असं त्या म्हणायच्या. किल्ली मॅनेजरकडे असायची. पुड्या तोच सोडायचा आणि कागदावरचं वाचून हसायचा.

"आणि आतेने विचारलं," ती म्हणाली, "की डब्यात आठवडाभर इतकं पडतं, गुरुवारी इतकं कमी का निघतं. सगळ्यांसमोर विचारलं. जानेवारीत."

मी कागद चाळले. वरून चौथा का पाचवा असेल. माझ्याच अक्षरात अर्धी ओळ: पाचव्या घावनापासून मिळणारी उपयोगिता.

त्याला माहीत होतं. तिने प्रत्येक पुडी डब्यात टाकली हे आख्ख्या बहारीनमध्ये सर्वांत नीट कुणाला माहीत असेल तर त्याला. त्या सगळ्या रेस्टॉरंटमध्ये ती अक्षरं वाचता येणारे आम्ही दोघंच होतो.

मी कागद घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. कागद टेबलावर ठेवले. त्याने बघितले, न दचकता.

"मग?" तो म्हणाला.

"साहेब, तुम्हाला माहीत होतं."

"पत्र कुणी लिहिलं? मी लिहिलं? सही कुणाची आहे?"

मी कागद पुन्हा त्याच्यापुढे सरकवले.

"तिने तुला एक ओळ लिहून मागितली होती म्हणे," तो पुढे म्हणाला. "दिलीस? नाही ना? मग माझ्याकडे कशाला येतोस?" आणि मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने, "अरे, आपण आपल्या माणसाला धरून राहावं. एका फिलिपिनोसाठी तू माझ्यावर आवाज चढवणार? तुझ्या सुट्टीसाठी तुझ्या साहेबांना कोण बोललं होतं?"

मी आवाज चढवलेला नव्हता. चढवायला हवा होता. मालकाचं ऑफिस मनामात कुठे होतं तेही मला ठाऊक होतं. पण सुट्टीला अजून तीन आठवडे होते आणि अर्जावरची सही कुणीही फिरवू शकत होतं. मी कागद गोळा केले आणि बाहेर आलो. खोटं लिहायचं नाही या माझ्या नियमाचं कारण सांगून मी तिला एक ओळ नाकारली होती. इथे कुठला नियम होता?

एप्रिलमध्ये घरी गेलो. परीक्षेचं केंद्र जिल्ह्याच्या गावी होतं, पहिला पेपर आठ दिवसांवर. बाबा आता कायमचे घरीच असत. मागच्या पडवीत ते सुपारी सोलत बसले होते, आई शेजारी तांदूळ निवडत होती. मी का कोण जाणे, सगळं सांगायला लागलो. पुडी, पत्र, एक ओळ, चमच्यांच्या खणातले कागद. बाबा ऐकता ऐकता सुपारी सोलत राहिले.

"मगे," मी थांबल्यावर ते म्हणाले, "ती डब्यात टाकी होती?"

"हो."

"सगळा?"

"सगळं, बाबा. पुडी न सोडता."

"येडीच रे ती," बाबा म्हणाले. ते दयेने म्हणाले, मनापासून वाईट वाटून. "आमच्या हाटेलातय डबो होतो. गल्ल्याक लागान. पण हातात इल्ला ता डब्यात कोण टाकता? आमी नाय टाकला कदी. म्हणान तर तुका सांगी होतंय, हातात दी आणि बघीत रवा नको."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "तुम्ही तर म्हणायचात, बशीतलं ओलं नाणं..."

"ताय खराच. बशीतला सगळ्यांका दिसता, ता डब्यात टाकूकच व्हया. मगे वाटणी. भांडी घासणाऱ्याकय वाटो, पाणी भरणाऱ्याकय वाटो. आपल्याक काय रवता?" त्यांनी सोललेली सुपारी सुपात टाकली. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी जाणवलं असावं, कारण ते जरा चिडले. "असो काय बघतंस? तुझी कॉलेजची फी काय मी पगारातसून भरलंय?"

"जाऊ दे ना," आई हळूच म्हणाली, त्यांना की मला कळलं नाही.

मी उठलो नाही. उठून कुठे जाणार? शेजारी बसून मीही सुपारी सोलायला लागलो. त्यांची बोटं माझ्याहून भरभर चालत होती. त्यांच्या हॉटेलात आतल्या बाजूला बसून भांडी घासणारा कोण होता, त्याला मुलं होती का, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. आतेचा गावचा पत्ता मी घेतला नव्हता, ती सर म्हणत राहिली आणि मी कधी विचारलाच नाही. तरुण वेट्रेसकडून मिळाला असता. तिला काय लिहिणार होतो? माझं लिहिणं तिने वाचलेलं होतं.

पहिल्याच पेपरात घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत आला. सोदाहरण स्पष्ट करा. मला तो तोंडपाठ होता. मी घावनाचा घ लिहिला, खोडला आणि संत्र्याचं उदाहरण लिहिलं.